दिवेलागणीनंतरची वीज

एप्रिल-मे महिन्यातली कुठलीही संध्याकाळ घ्या. साडेसहा-सातचा सुमार. माणसं कामावरून घरी येतात, पंखे, कूलर, एसी एकदम चालू होतात, स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो, सोसायटीच्या टाकीवर पाणी चढवणारा पंप घरघरू लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी राज्यातल्या सगळ्या सौर पॅनेलमधून येणारी वीज उतरत उतरत शून्यावर येते. मागणी चढतेय आणि पुरवठ्याचा एक मोठा झरा आटतोय, अशी ही रोजची ओढाताण. राज्य भार प्रेषण केंद्रातले इंजिनिअर ती सांभाळून नेतात, म्हणून आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

कशाच्या जोरावर सांभाळतात? थोडी कोयनेच्या पाण्यावर आणि बरीचशी चंद्रपूर, कोराडी, परळी इथल्या कोळशावर. देशाचं चित्रही तेच. आपल्या घरात येणाऱ्या दर दहा युनिटांपैकी साधारण सात युनिटं आजही कोळसा जाळूनच तयार होतात. स्वच्छ ऊर्जेकडे जायचं म्हणजे या सात युनिटांचं काय करायचं ते ठरवायचं. माझं मत स्पष्ट आहे: ते ठरवताना अणुवीज बाजूला ठेवून भागणार नाही. का, ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो. अडचणीही सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत.

आधी सौरऊर्जेबद्दल. मी तिच्या विरोधात असूच शकत नाही. आमच्याकडे शेतीला रात्रीची लाईट असायची. रात्री दोनला बाबा बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे आणि ते परत येईपर्यंत आईचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. बांधावर साप असायचे, विंचू असायचे. २०१७ मध्ये राज्यात सौर कृषी वाहिनी योजना आली आणि गावोगावी शेतकऱ्याला दिवसा वीज मिळण्याची सोय होऊ लागली. ज्यानं ती रात्रीची पाळी केली आहे त्याला सौरऊर्जेचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. मोठंच काम झालं हे.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बातम्यांमध्ये तिचा हमखास घोळ होतो. मेगावॅट वेगळं आणि युनिट वेगळं. मेगावॅट म्हणजे नळाची तोटी केवढी आहे ते. युनिट म्हणजे हंड्यात प्रत्यक्ष पडलेलं पाणी. तोटी कितीही मोठी असली तरी पाणी किती तास येतं यावर हंडा भरणार. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १७-१८ लाख युनिटं देतो, कारण रात्र असते, सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन असतं, ढग असतात. एक मेगावॅट अणुवीज वर्षाला ७० लाख युनिटांच्या घरात जाते, कारण अणुभट्टी दिवस-रात्र एका लयीत चालते. म्हणून २०२५ च्या मध्याला देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅसविरहित झाली ही बातमी खरी होती, आणि प्रत्यक्ष विजेत तिचा वाटा जेमतेम पाव होता हेही खरंच होतं.

मग बॅटऱ्या आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्या भराभर स्वस्तही होत आहेत. दुपारची वीज साठवून संध्याकाळचे दोन-चार तास काढायला त्या उत्तम. घाटघरसारखे प्रकल्पही त्यासाठीच आहेत: जास्तीच्या विजेनं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. पण घाटघर २५० मेगावॅटचं आहे, आणि तसा डोंगर, तसे दोन तलाव जिथे-तिथे मिळत नाहीत. कोयना १,९६० मेगावॅटची आहे, पण तिथलं वीजनिर्मितीचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेलं आहे, वाटेल तेवढं वापरता येत नाही. शिवाय प्रश्न फक्त संध्याकाळचा नाही. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या जोरात असतात, मान्य. पण पाऊस सरला, वारा पडला आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की तेही बळ जातं. रात्री तीनलाही या राज्यात इस्पितळं, रेल्वे, पाणीपुरवठ्याचे पंप, तिन्ही पाळ्यांत चालणारे कारखाने वीज मागतातच. ही जी तळातली, कधीच न थांबणारी मागणी, तिच्यासाठी कोळशाच्या जागी काय आणायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. संध्याकाळचा शेंडा बॅटरी आणि धरणं उचलतील. बुंध्याचं काय?

हातभर लांबीचा जुडगा

अणुवीज केंद्रात नेमकं काय होतं? बरंचसं तेच, जे कोळशाच्या केंद्रात होतं. पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, टर्बाइननं जनित्र. फरक फक्त चुलीत आहे. कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा अणू ऑक्सिजनला चिकटतो आणि थोडी उष्णता सुटते. युरेनियमचा अणू न्यूट्रॉन लागून फुटतो तेव्हा त्या एका अणूतून कार्बनच्या एका अणूपेक्षा सुमारे पाच कोटी पट उष्णता निघते. फुटताना आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढचे अणू फोडतात, आणि साखळी चालू राहते. भट्टीत अभिक्रियेला आवर घालणाऱ्या दांड्या असतात. त्या खाली सोडल्या की न्यूट्रॉन गिळले जातात आणि साखळी थांबते.

पाच कोटी हा आकडा डोक्यात शिरत नाही. म्हणून तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत वापरतात तो इंधनाचा जुडगा डोळ्यांसमोर आणू. बोटाच्या पेराएवढ्या युरेनियमच्या काळ्या गोळ्या धातूच्या बारीक नळ्यांत भरतात आणि अशा ३७ नळ्यांची मोळी बांधतात. लांबी अर्धा मीटर, म्हणजे हातभर. वजन वीस-पंचवीस किलो, गव्हाच्या एका छोट्या पोत्याएवढं. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे जुडगे तयार होतात. भट्टीत जाण्याआधी माणूस हातमोजे घालून तो उचलू शकतो, कारण नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सर्ग अगदी मंद असतो.

हा एक जुडगा भट्टीत आपलं आयुष्य संपवतो तोवर त्यातून साडेनऊ-दहा लाख युनिटं वीज निघते. महिन्याला १०० युनिटं वापरणारी आठशे घरं वर्षभर. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर साडेसहाशे-सातशे टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीच्या दहा-अकरा वाघिणी. आपला कोळसा राखेनं भरलेला, त्यामुळे त्यातून दोनशेहून अधिक टन राख उरते आणि नऊशे टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एकीकडे माणसाच्या दोन हातांत मावणारी वस्तू, दुसरीकडे अर्ध्या प्लॅटफॉर्मभर लांब गाडी. चंद्रपूरला राहणाऱ्यांना या गाडीचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यांच्या गच्चीवरच्या वाळवणाला तो माहीत आहे.

खाण खणण्यापासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचं सगळं धरून कुठल्या विजेमागे किती हरितगृह वायू पडतात, हे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळानं २०१४ मध्ये मांडलं होतं. दर युनिटामागे कोळसा ८२० ग्रॅम, मोठे सौर प्रकल्प ४८, अणुवीज १२, जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. सौर पॅनेलचे आकडे त्यानंतर आणखी सुधारले असतील, पण कोळसा आणि बाकीचे यांच्यातली दरी तशीच आहे.

आपल्या देशी भट्ट्यांची आणखी एक खुबी आहे. त्या जड पाण्यावर (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ असतो) चालतात आणि भट्टी चालू असतानाच एका बाजूनं ताजा जुडगा सरकवून दुसऱ्या बाजूनं जुना काढून घेता येतो. गोव्याच्या सीमेपासून जवळ, कारवारच्या पलीकडे कैगा आहे. तिथली पहिली भट्टी १३ मे २०१६ ला जी चालू झाली, ती ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत एकदाही थांबली नाही. सलग ९६२ दिवस. तीन पावसाळे आणि तीन दिवाळ्या. त्या वेळचा तो जागतिक विक्रम होता.

भीती

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. फुटली तर?

बॉम्बसारखी ती फुटू शकत नाही. त्यासाठी लागतं तेवढं शुद्ध केलेलं युरेनियम या इंधनात नसतंच. खरा धोका वेगळा आहे आणि तो समजायला कुकर पुरे. गॅस बंद केला तरी कुकर बराच वेळ गरम राहतो. अणुभट्टीचं तसंच, फक्त इथे उष्णता नुसती उरलेली नसते, ती नव्यानं तयार होत राहते. साखळी थांबवल्यानंतरही फुटलेल्या अणूंचे तुकडे विघटित होत राहतात आणि पहिल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता देतात. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, पण पूर्ण थांबत नाही. म्हणून भट्टी बंद केल्यावरही पाणी फिरतं ठेवावंच लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीचं पाणी तळघरातल्या डिझेल जनित्रांत शिरलं, पंप थांबले, इंधन वितळलं, हायड्रोजन साचून स्फोट झाले. दीड लाखांवर माणसांना घरं सोडावी लागली. किरणोत्सर्गामुळे झालेला एकच मृत्यू जपान सरकारनं आजवर मान्य केला आहे. पण घाईघाईच्या स्थलांतरात, तात्पुरत्या निवाऱ्यांत, आजारी आणि म्हातारी माणसं हलवताना त्या प्रांतात दोन हजारांहून जास्त लोक गेले. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. आपत्तीच्या वेळी माणसं कशी हलवायची याची तयारी हाही सुरक्षेचाच भाग आहे, आणि तो भिंतीच्या जाडीत मोजता येत नाही.

चेर्नोबिल, २६ एप्रिल १९८६, याची जात निराळी. ती भट्टी मुळातच अस्थिर रचनेची होती, तिच्यात ग्राफाइट होतं, ते पेटलं, आणि भट्टीभोवती किरणोत्सार अडवणारं मजबूत काँक्रीटचं आवरण नव्हतं. तीसएक माणसं पहिल्या काही महिन्यांत गेली, हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला, आणि पुढच्या काळातले संभाव्य मृत्यू चार हजारांपर्यंत जातील असा अंदाज २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह अनेक संस्थांनी मांडला. हे सगळं हिशेबात धरूनही, दर अब्ज युनिटांमागे अणुविजेनं ०.०३ मृत्यू होतात, कोळशानं जवळजवळ २५. कोळशाचे मृत्यू दम्याच्या, हृदयविकाराच्या नावानं नोंदले जातात, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

आपला स्वतःचा अनुभवही आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राच्या पंपघरात समुद्राचं पाणी शिरलं. चालू असलेली भट्टी सुरक्षित बंद झाली. आता गुजरातेत काक्रापारला ज्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, त्यांना दुहेरी भिंतीचं आणि आतून पोलादी अस्तराचं आवरण आहे. पंप थांबले तरी उंचावरच्या टाक्यांतल्या पाण्याच्या साहाय्यानं, विजेशिवाय, ही मागे राहिलेली उष्णता काढून नेण्याची सोयही आहे. फुकुशिमात नेमकं तेच जमलं नव्हतं.

किरणोत्सर्गाबद्दल एवढंच सांगतो की तो आपल्या पायाखाली, हवेत, शरीरात कायम असतोच. जगात माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप) एवढा नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. केंद्रामुळे आसपासच्या लोकांना त्यात जास्तीत जास्त १ ची भर चालते असा नियम आहे, आणि प्रत्यक्षातली भर त्याचा लहानसा अंश असते. केरळच्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य आहे. तिथे काही ठिकाणी नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या अनेक पट आहे, माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या पाहणीत तिथे कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं नाही.

उरलेल्याचं काय करायचं

हातमोजे घालून उचलता येणारा तो जुडगा भट्टीतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या जवळ कुणी उभंही राहू शकत नाही. तो काही वर्षं खोल पाण्याच्या तलावात ठेवतात. पाणी त्याला थंडही करतं आणि किरणं अडवतंही. पुढे काही देश तो तसाच साठवून ठेवतात. आपण तो फेकत नाही. रासायनिक प्रक्रिया करून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम पुन्हा इंधनासाठी वेगळं काढतो, आणि जो खरोखर निरुपयोगी, अति तीव्र भाग उरतो तो काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतो. हे काम तारापूरला गेली कित्येक वर्षं चालू आहे. काच का? कारण ती पाण्यात विरघळत नाही, गंजत नाही. हे डबे हवा खेळती राहील अशा काँक्रीटच्या कोठारात ठेवलेले असतात.

यातल्या सिझियम आणि स्ट्राँशियम या किरणोत्सर्गी घटकांची तीव्रता दर तीस वर्षांनी निम्मी होते, म्हणजे तीनशे वर्षांत हजारावा भाग उरतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली, तेवढा काळ. लांबलचक आहे, पण माणसाच्या आवाक्यातला आहे. काही घटक मात्र हजारो वर्षं टिकतात आणि त्यांच्यासाठी शेवटी जमिनीत खोल जागा लागणार. फिनलंडनं ओंकालो इथे चारशे मीटरहून खोल, कठीण खडकात तशी जागा तयार केली आहे. आपल्याकडे अजून तशी जागा नाही. कचरा थोडा असल्यानं आज घाई नाही, पण हे काम नातवंडांवर ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.

पैसा आणि वेळ

अणुविजेची खरी दुखरी नस सुरक्षा नसून पैसा आहे. इंधन स्वस्त, चालवणं स्वस्त, पण उभारणी भयंकर महाग. आणि उभारणीला जेवढी वर्षं जास्त, तेवढं कर्जावरचं व्याज चढत जातं. फ्रान्समध्ये फ्लामाँव्हीलची नवी भट्टी २००७ मध्ये सुरू केली, ती डिसेंबर २०२४ मध्ये विजेच्या जाळ्याला जोडली गेली. अंदाज होता ३.३ अब्ज युरोचा, खर्च गेला १३.२ अब्जावर. जैतापूरला १,६५० मेगावॅटच्या ज्या सहा भट्ट्या आणायचा प्रस्ताव आहे, त्याच जातीची ही.

त्याच फ्रान्सनं १९७४ मध्ये, तेलाच्या किमती भडकल्यावर, एकसारख्या भट्ट्या एकामागून एक बांधायचं ठरवलं आणि पंधरा-सोळा वर्षांत पन्नासच्या आसपास उभ्या केल्या. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश वीज अणूची आहे. शेजारच्या जर्मनीनं १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. पवन-सौरावर प्रचंड खर्च करूनही तिथल्या एका युनिटामागचा कार्बन आजही फ्रान्सच्या कित्येक पट आहे, कारण वारा पडला की लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा, जाळावा लागतो. चालू, धडधाकट भट्टी बंद करणं ही मला तरी मोठी चूक वाटते.

म्हणून माझं मत असं: आपण परदेशी अवाढव्य भट्ट्यांच्या मागे लागण्यापेक्षा आपल्याच ७०० मेगावॅटच्या भट्ट्या साच्यातून काढल्यासारख्या बांधत जावं. २०१७ मध्ये केंद्रानं अशा दहा भट्ट्यांना एकदम मंजुरी दिली, तो विचार योग्य होता. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीला पहिल्या काँक्रीटपासून व्यावसायिक वीज द्यायला साडेबारा वर्षं लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिलीला वेळ लागतो. दहावीलाही तेवढाच लागला, तर मात्र हे गणित जमणार नाही. २०२५ च्या मध्याला देशाची अणुक्षमता होती सुमारे ८,८०० मेगावॅट, एकूण विजेत वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. उद्दिष्ट आहे २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट.

तारापूर आणि माडबन

ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या व्यावसायिकरीत्या चालू झाल्या. देशाची अणुवीज आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर जन्मली आणि त्या भट्ट्यांनी २०२० पर्यंत वीज दिली. पण तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, आणि पुनर्वसनासाठी तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ही गोष्ट कोकणात खाली राजापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. फुकुशिमाला महिना होतो न होतो तोच, एप्रिल २०११ मध्ये, जैतापूरविरोधी आंदोलनात साखरी नाटेला गोळीबार झाला आणि एक तरुण गेला. त्यानंतर कुणी इंजिनिअर येऊन आकडे सांगू लागला, तर जैतापूर प्रकल्प जिथे व्हायचा त्या माडबनच्या माणसानं ते का ऐकावेत?

साखरी नाटेच्या कोळ्यांचा प्रश्न तर अगदी साधा होता. टर्बाइनमधली वाफ थंड करायला समुद्राचं पाणी घेणार आणि काही अंश गरम करून परत सोडणार. मग खाडीच्या तोंडाशी मासा राहील का? त्याला "काही होणार नाही" असं उत्तर चालत नाही. मोजून दाखवावं लागतं. प्रकल्पाच्या आधी तिथे कुठला मासा कुठल्या महिन्यात किती मिळतो याची नोंद, नंतर दरवर्षी तीच नोंद, आणि घट झाली तर भरपाई कुणी किती द्यायची हे आधीच लेखी. सोडलेल्या पाण्याचं तापमान रोज बंदरावरच्या फळ्यावर लिहिलेलं असावं, आणि ते मोजायला जाणाऱ्या होडीत त्याच गावचा एक तांडेल बसलेला असावा.